हार्ट अटॅक, फुफ्फुसातली गुठळी, पक्षाघात : तातडीच्या कॅथेटर (रक्तवाहिनीतून आत नेलेल्या बारीक नळीच्या) उपचारांबद्दल ठाणे-नवी मुंबईकर वारंवार विचारतात ते प्रश्न

छातीत दुखतंय. गॅस आहे की अटॅक, हे घरी कसं ओळखायचं?

ओळखायला बसू नका. ते काम ईसीजीचं. इनो घेऊन, ओवा चावून, छातीला बाम चोळून जी पाऊण तास वाट पाहिली जाते, तेवढ्यात हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग कायमचा जातो. छातीच्या मध्यभागी दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, दरदरून घाम, मळमळ, धाप यांतलं काही १५-२० मिनिटं टिकलं तर निघायचं. मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायकांमध्ये कळ नसतेही. नुसती धाप, घाम आणि 'कसंतरी होतंय' एवढंच असतं.

रुग्णालयात पोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी निघून डॉक्टरांनी तो वाचलेला असायला हवा. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परतू नका. दुखणं चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढायला सांगा. कधी कधी बदल दुसऱ्या-तिसऱ्या पट्टीवर दिसतात.

गाडी येईपर्यंत नेमकं काय करायचं?

१०८ला फोन. पेशंटला पाठीला टेकवून बसवा, चालवू नका, जिने उतरवू नका. ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या: इकोस्प्रिन ७५ असेल तर चार गोळ्या, १५० असेल तर दोन. या गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं, म्हणून गिळली तर उशिरा लागू पडते, चावणं महत्त्वाचं. ॲस्पिरिनची ॲलर्जी, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा तोंड वाकडं होणं-बोबडी वळणं असं काही असेल तर मात्र देऊ नका.

सॉर्बिट्रेटबद्दल (रक्तवाहिन्या सैल करणारी, जिभेखाली ठेवायची गोळी) जरा सविस्तर, कारण ती गोळी घरोघरी डब्यात असते आणि शेजारचे काका ती हमखास पुढे करतात. बीपी आधीच कमी असेल, किंवा अटॅक हृदयाच्या उजव्या कप्प्याचा असेल, तर ही गोळी जिभेखाली ठेवताच बीपी कोसळतं आणि पेशंट बेशुद्ध पडतो. गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल (पुरुष लैंगिक ताठरतेसाठी घेतात त्या गोळ्या) घेतली असेल तरी तेच. हे बायकोमुलांसमोर कुणी सांगत नाही, म्हणून डॉक्टरांनी एकट्यात विचारलं तर खरं सांगा. बीपी मोजल्याशिवाय आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सॉर्बिट्रेट नको.

एक जण खाली गेटवर उभा राहू दे. वॉचमनला बूम उघडा ठेवायला आणि लिफ्ट तळमजल्यावर अडवून धरायला सांगा. जुन्या सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा मावत नाही. नौपाड्यातल्या बिनलिफ्टच्या इमारतींत तर प्रश्नच नाही. घरातली हात नसलेली मजबूत खुर्ची काढून ठेवा, पेशंटला तीवर बसवून दोघांनी उतरवता येतं. सोबत आधार, रेशनकार्ड, विम्याचं कार्ड, जुनी फाइल आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या. पट्ट्याच घ्या, कारण 'ती पांढरी छोटी गोळी' यावरून कुणाला काही कळत नाही.

सर्वांत जवळच्या रुग्णालयात न्यायचं की मोठ्या?

जवळच्या नव्हे, मोठ्याही नव्हे. ज्याची कॅथलॅब (नळी घालून धमनी उघडतात ती खोली) या क्षणी चालू आहे अशा सर्वांत जवळच्या. आमच्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. आधी कोपऱ्यावरचं नर्सिंग होम, तिथे ईसीजी, मग 'इथे सोय नाही, हलवा', मग पुन्हा रुग्णवाहिकेची शोधाशोध. फोनवर तीनच प्रश्न विचारा: कॅथलॅब आत्ता चालू आहे का? कार्डिओलॉजिस्ट किती मिनिटांत पोचतील? आयसीयूत बेड आहे का? 'आधी घेऊन या, बघू' हे उत्तर नाही.

हे फोन आजच, बरे असताना करून ठेवा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. वाघबीळ-कासारवडवलीच्या माणसाला घोडबंदर रोडवर अवजड वाहनांच्या वेळेत माजिवड्यापर्यंत किती वेळ लागतो, हे गुगलपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक असतं. ऐरोली-घणसोलीकरांनी एक पर्याय ठाणे-बेलापूर रोडवर आणि एक खाडीपलीकडे ठाण्यात धरून ठेवावा. कळव्याकडे विटाव्याला गाड्या तुंबल्या की ठाण्याचा रस्ता संपला. वाशी-नेरूळहून 'नावाजलेल्या' रुग्णालयासाठी वाशीचा खाडीपूल ओलांडून मुंबईत जाण्याचा मोह होतो. सकाळी साडेआठला तो करू नका.

शक्य असेल तर अँब्युलन्समधूनच ईसीजीचा फोटो कॅथलॅबवाल्यांना पाठवा. तेवढ्यात टीम बोलावली जाते आणि कॅज्युअल्टीत थांबणं वाचतं.

'९० मिनिटं' म्हणजे काय?

ईसीजीतला 'एसटी' नावाचा भाग उंचावलेला असतो त्या मोठ्या अटॅकमध्ये हृदयाची एक धमनी गुठळीने पूर्ण बंद असते. कॅथलॅब असलेल्या रुग्णालयाच्या दारात आल्यापासून ती धमनी उघडेपर्यंतचं जगभर मान्य असलेलं लक्ष्य ९० मिनिटांचं. दुसरीकडे हलवायचं असेल तर पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून १२० मिनिटांत उघडली पाहिजे. तेवढ्यात जमणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यायचं.

आम्ही मुरबाड-शहापूरकडे राहतो. इंजेक्शन म्हणजे दुय्यम उपचार का?

नाही. दूरच्या पेशंटसाठी तेच पहिलं, आणि दुखणं सुरू होऊन पहिल्या दोन-तीन तासांत दिलं तर फार चांगलं काम करतं. १२ तासांनंतर मात्र ते सहसा देत नाहीत. या इंजेक्शनांपैकी टेनेक्टेप्लेजचा डोस वजनावर ठरतो: ६० किलोखाली ३० मिलिग्रॅम, पुढे दर १० किलोला ५ वाढवत ९० आणि त्यावर ५० मिलिग्रॅम. एकदाच, शिरेतून, ५-१० सेकंदांत. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना निम्मा डोस. स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त पडतं; १५ लाख युनिट ३० ते ६० मिनिटांत हळूहळू चढवावं लागतं आणि बीपी पडू शकतं.

आधी कधीही मेंदूत रक्तस्राव, गेल्या काही महिन्यांत पक्षाघात, महिन्याभरात मोठी शस्त्रक्रिया, डोक्याला मार किंवा पोटातून रक्तस्राव झालेला असेल तर सांगायलाच हवं, कारण तिथे हे इंजेक्शन चालत नाही. आणि इंजेक्शनने दुखणं थांबलं म्हणून त्याच नर्सिंग होममध्ये आठवडाभर पडून राहू नका. ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढतात. उंचावलेला भाग निम्म्याने खाली आला नसेल तर ताबडतोब अँजिओप्लास्टी (नळीने धमनी उघडणं) लागते. खाली आला असेल तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी (नळीतून धमन्यांची तपासणी). म्हणजे इंजेक्शन देऊन लगेच कॅथलॅबकडे निघायचं.

अँजिओप्लास्टीत आत नेमकं काय करतात?

पेशंट जागा असतो. मनगटाला भुलीचं इंजेक्शन, मग सुई, तीवरून तार, तारेवरून म्यान. म्यानाच्या आतून जाणारी नळी बहुधा सहा फ्रेंचची. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, त्यामुळे नळी २ मिलिमीटर जाड. मनगटाची धमनी आकसू नये म्हणून औषध देतात. हात जळजळल्यासारखा वाटतो तो त्यामुळे. रक्त गोठू न देणारं हेपरिन वजनाप्रमाणे, किलोमागे साधारण ७० ते १०० युनिट.

नळी महाधमनीतून हृदयाच्या धमनीच्या तोंडाशी टेकवतात आणि एक्स-रेत दिसणारा डाय सोडून पडद्यावर बघतात: काळी फांदी जिथे तुटलेली दिसते, तिथे गुठळी. त्यातून ०.०१४ इंच, म्हणजे जेमतेम ०.३६ मिलिमीटरची तार पलीकडे सरकवतात. बरेचदा तार पार होताच थोडं रक्त वाहू लागतं. मग लहान फुगा, आणि त्यानंतर फुग्यावर आवळून बसवलेला औषध लावलेला स्टेंट, म्हणजे धातूची जाळीदार नळी. व्यास सहसा २.२५ ते ४ मिलिमीटर. फुगा १२ ते १६ ॲटमॉस्फिअर दाबाने फुगवतात. कारच्या टायरमध्ये दोनच्या आसपास असतो, यावरून अंदाज यावा. फुगा फुगलेला असताना धमनी काही सेकंद पुन्हा बंद होते, म्हणून तीच कळ परत येते. घाबरू नका, फक्त सांगा. फुगा रिकामा केला की जाते.

गुठळी नळीने ओढून काढणं आता सरसकट करत नाहीत. मोठ्या अभ्यासांत त्याचा फायदा दिसला नाही. गुठळी खूपच मोठी असेल तेव्हाच.

मनगटातून चांगलं की जांघेतून?

मनगटातून, जमत असेल तोवर. रक्तस्राव कमी आणि पेशंट त्याच दिवशी उठून बसतो. जांघ लागते ती मनगटाची धमनी बारीक किंवा वळणाची असली, बीपी कोसळलेलं असलं किंवा हृदयाला आधार देणारं यंत्र बसवायचं असलं तर.

आणि काय बिघडू शकतं?

बरंच काही, आणि त्यातलं काही अगदी यश मिळाल्याच्या क्षणी. धमनी उघडून रक्त परतताच हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून शॉकचे पॅड आधीच छातीवर चिकटवलेले असतात. नातेवाइकांना बाहेर 'शॉक द्यावा लागला' एवढंच कळतं आणि धस्स होतं, पण कॅथलॅबमध्ये दिलेला शॉक बहुतेक वेळा तिथल्या तिथे लय परत आणतो.

दुसरा त्रास जास्त चिवट. पडद्यावर धमनी उघडी दिसते, पण रक्त पुढे सरकत नाही, कारण गुठळीचा चुरा पुढच्या बारीक केशवाहिन्यांत जाऊन बसलेला असतो आणि स्नायू सुजलेला असतो. याला नो-रिफ्लो म्हणतात. ॲडेनोसिन, नायट्रोप्रुसाइडसारखी औषधं धमनीतच सोडतात. उशिरा आलेल्या पेशंटमध्ये हे जास्त दिसतं.

तारेने धमनीला भोक पडणं, महाधमनीतला कचरा सुटून मेंदूत जाणं, डायची ॲलर्जी, मूत्रपिंडावर ताण हे कमी वेळा होतं. क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) जास्त असलेल्यांना डाय शक्य तितका कमी वापरतात आणि सलाइन देतात. पण मोठ्या अटॅकमध्ये क्रिॲटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत, थांबूही नये.

रक्त थांबवायला मनगटावर बांधलेला पट्टा दोन-तीन तासांत टप्प्याटप्प्याने सैल करतात. त्यानंतर दंड-मनगट टणक होऊन सुजू लागलं, बोटं निळी-गार पडली, तर सिस्टरना लगेच दाखवा.

अटॅक आहे म्हणाले, पण अँजिओग्राफी 'उद्या सकाळी'. टाळाटाळ तर नाही ना?

बहुधा नाही. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं दाखवणारी रक्तचाचणी) वाढलेलं आहे पण एसटी उंचावलेला नाही, अशा अटॅकमध्ये धमनी सहसा पूर्ण बंद नसते. औषधं सुरू करून २४ तासांच्या आत अँजिओग्राफी चालते. दुखणं औषधांनीही थांबत नसेल, बीपी पडत असेल, फुफ्फुसात पाणी भरत असेल किंवा लय बिघडत असेल, तर मात्र दोन तासांत. रात्री दोनला कळ परत आली तर 'सकाळी आहेच' म्हणून झोपू नका. आयसीयूच्या डॉक्टरांना उठवा.

तीन ब्लॉकेज निघाले. एकदमच सगळे का नाही उघडले?

आधी अटॅक आणणारी धमनी. बाकीच्या नंतर, त्याच मुक्कामात किंवा पुढच्या काही आठवड्यांत. बीपी कोसळलेल्या पेशंटमध्ये एकदमच सगळ्या उघडायला गेलं तर नुकसान जास्त होतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. कधी उरलेल्यांसाठी बायपासच बरी ठरते, विशेषतः मधुमेह आणि तीनही धमन्या असतील तर.

नाडी ३०वर आली म्हणून जांघेतून तार घातली. हा पेसमेकर कायमचा का?

तात्पुरता. उजव्या धमनीच्या अटॅकमध्ये हृदयातली वायरिंग काही दिवस बंद पडू शकते आणि बहुधा परत चालू होते. शिरेतून तार उजव्या कप्प्याच्या तळाशी टेकवून बाहेरच्या छोट्या डब्याला जोडतात. दर मिनिटाला ६० ते ८० ठोके लावतात. किती कमी विजेवर ठोका पकडतो ते बघून त्याच्या दोन-तीनपट वीज ठेवतात. बिघाड साधा असतो: पेशंटने पाय दुमडला, तार सरकली, ठोके गळू लागले. म्हणून तो पाय सरळ. बाथरूमला उठणं बंद.

फुफ्फुसातली गुठळी वेगळी असते का?

हो, ती बहुधा पायाच्या खोल शिरेत तयार होऊन वर जाते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, पाय प्लास्टरमध्ये असताना, बाळंतपणानंतर, कॅन्सरमध्ये, लांबच्या प्रवासानंतर अचानक धाप लागली, एका पोटरीला सूज असली, तर हा विचार व्हायला हवा. सीटी अँजिओने (डाय देऊन काढलेल्या सीटी स्कॅनने) नक्की होतं.

बहुतेकांना हेपरिन आणि नंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पुरतात. बीपी ९०च्या खाली गेलं तर गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज शिरेतून, १०० मिलिग्रॅम दोन तासांत. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ते देणं धोक्याचं, आणि तिथेच कॅथेटर कामाला येतो. जांघेच्या शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून फुफ्फुसाच्या धमनीत नळी नेतात. एक पद्धत अशी: नळी तिथेच ठेवून तासाला साधारण १ मिलिग्रॅम अल्टेप्लेज, १२ ते २४ तास; शरीरात एकूण औषध फार कमी जातं. दुसरी: २४ फ्रेंचपर्यंत, म्हणजे ८ मिलिमीटर जाड नळीने गुठळी ओढून काढणं. हिच्यात औषध लागतच नाही, पण गुठळीबरोबर रक्तही ओढलं जातं, म्हणून रक्त तयार ठेवतात. ही सोय प्रत्येक कॅथलॅबमध्ये नसते. आधी विचारा, मगच हलवा.

पक्षाघातातही कॅथेटरने गुठळी काढतात ना?

काढतात, मेंदूची मोठी धमनी बंद असेल तेव्हा. तोंड वाकडं, एक हात खाली पडतोय, शब्द अडखळतायत: १०८. ॲस्पिरिन द्यायचं नाही, कारण आत रक्तस्रावही असू शकतो आणि तो सीटीशिवाय कळत नाही. पाणीही नको, ठसका लागतो. बीपीची जादा गोळी नको. साखर मात्र मोजा. शुगर उतरली तरी अगदी असंच दिसतं.

डॉक्टरांना सर्वांत मोलाची माहिती म्हणजे पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ. 'सकाळी उठला तेव्हा असाच होता' याचा अर्थ रात्री झोपला ती वेळ. त्यापासून साडेचार तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. जाळीदार स्टेंटने किंवा ओढून गुठळी काढणं सहा तासांत, आणि स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा मेंदू दिसला तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत. यासाठी साध्या कॅथलॅबपेक्षा मेंदूच्या धमन्यांत काम करणारा तज्ज्ञ लागतो. फोनवर तेच विचारायचं.

अचानक पाय गार, पांढरा पडला. मालिश करू?

नको, आणि गरम पिशवी तर मुळीच नको. बधिर कातडी भाजते आणि कळतही नाही. पायाची धमनी बंद झाली असेल तर हातात साधारण सहा तास असतात. हृदयाची लय अनियमित असणाऱ्यांत गुठळी सुटून पायात अडकणं नेहमीचं. हेपरिन लगेच देतात. मग अमेरिकी सर्जन थॉमस फोगार्टींनी १९६३मध्ये जगापुढे मांडलेला फुग्याचा कॅथेटर गुठळीपलीकडे नेऊन, फुगवून, मागे ओढतात. किंवा नळीतून औषध सोडत राहतात. बोटं हलेनाशी झाली असतील तर औषधाची वाट पाहत नाहीत. रक्त परतल्यावर पोटरी दगडासारखी टणक होऊन असह्य दुखू लागली तर ते 'बरं होतंय' म्हणून सोडू नका. आतला दाब वाढलाय, चीर द्यावी लागते.

पाठीत फाडल्यासारखी कळ आली, तीही अटॅकचीच?

महाधमनीचा थर फाटला असेल तर कळ पहिल्याच क्षणी टोकाची असते आणि पाठीत जाते. दोन हातांच्या बीपीत मोठा फरक सापडू शकतो. इथे रक्त पातळ करणारी औषधं घातक. फाट हृदयाजवळ असेल तर उघडी शस्त्रक्रिया. पुढच्या भागात असून गुंतागुंत झाली तर जांघेतून आवरण घातलेला स्टेंट. कळ अशी असेल तर ॲस्पिरिन न देता निघा आणि कळीचं वर्णन नेमकं सांगा.

डिपॉझिट भरल्याशिवाय घेत नाहीत. काय करायचं?

जीव वाचवण्याचे उपचार देणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९च्या परमानंद कटारा खटल्यात सांगितलेलं आहे. प्रत्यक्षात काउंटरवर कायदा वाचून दाखवण्यात वेळ घालवू नका. एक जण पेशंटसोबत राहा, एक बिलिंगला.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि अँजिओप्लास्टी त्यात बसते, पण फक्त योजनेतल्या रुग्णालयात. आत शिरताच 'आरोग्यमित्र (योजनेचे मदतनीस) कुठे बसतात?' हा प्रश्न विचारा. तातडीच्या केसमध्ये मंजुरी आधी फोनवर घेऊन कागद नंतर देता येतात. खासगी विमा असेल तर टीपीए डेस्कला (विम्याचे दावे हाताळणाऱ्या काउंटरला) लगेच कळवा.

स्टेंटच्या किमतीवर केंद्राची कमाल मर्यादा आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये ती लागू झाली तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटसाठी २९,६०० रुपये होती. नंतर ती वेळोवेळी बदलत आली आहे. बिलात स्टेंटची कंपनी, लांबी-व्यास आणि स्टिकर मागा. तो स्टिकर फाइलमध्ये चिकटवा, पुढे कामाला येतो.

घरी आल्यावर सर्वांत मोठी चूक कोणती?

दोनपैकी एक रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करणं. ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलर किंवा प्रासुग्रेल यांतली एक, सहसा १२ महिने. दात काढायचाय म्हणून दातांच्या डॉक्टरांनी 'पाच दिवस बंद करा' म्हटलं, तर आधी कार्डिओलॉजिस्टला फोन. पहिल्या काही महिन्यांत गोळी तुटली तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो. टिकाग्रेलर दिवसातून दोनदा असते. संध्याकाळची विसरते, तिचा मोबाइलवर गजर लावा. तिने काहींना धाप लागल्यासारखं वाटतं, तेव्हाही गोळी न थांबवता डॉक्टरांना सांगा, बदलून देतात.

मनगटातून झाली असेल तर त्या हाताने आठवडाभर पाण्याची बादली, गॅस सिलिंडर, स्कूटर स्टँडवर चढवणं बंद. जखमेतून रक्त येऊ लागलं तर दोन बोटांनी थेट दाबून धरा, हात उंच करा आणि दहा मिनिटं मध्ये उघडून बघू नका. तरी थांबलं नाही, तर दाब न सोडता रुग्णालयात या.